धरणातल्या बोटीला कोणता अलार्म लावावा?

पत्र: आमची मासेमार सहकारी संस्था पवनी तालुक्यात, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरवर आहे. संस्थेने अनुदानावर फायबरची बोट घेतली, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. जुनं गाव धरणात गेलं, नवं गावठाण पाण्यापासून दीड किलोमीटरवर. बोट काठावर खुंट्याला बांधून ठेवतो. यंदा पोळ्याच्या रात्री बॅटरी आणि पेट्रोलची टाकी चोरीला गेली. इंजिनाचा एक स्क्रू सैल केलेला होता, दुसरा निघाला नाही म्हणून इंजिन वाचलं. नागपूरच्या एका विक्रेत्याने 38,000 रुपयांचं कोटेशन दिलं आहे: चार कॅमेरे, मोशन सेन्सर, सायरन, जीपीएस आणि मोबाइल ॲप. काही सभासद म्हणतात, एवढा खर्च कशाला, शेतातलं झटका मशीनच बोटीला लावून टाकू. आम्ही काय घ्यावं?
— मत्स्य संस्थेचे सचिव, जि. भंडारा

सचिवभाऊ, नमस्कार.

झटका मशीनचा विषय आधी संपवू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. ते बोटीला लावू नका. शेताच्या तारेला डुक्कर क्षणभर टेकतं आणि मागे पळतं, म्हणून ते यंत्र तिथे कामाचं आहे. बोटीवर माणूस ओल्या पायांनी, ओलं जाळं खांद्यावर घेऊन चढतो. पहाटेच्या अंधारात त्याला हजारो व्होल्टचा ठोका बसला तर तो पाण्यात पडेल, पडताना डोकं बोटीच्या काठावर आपटेल, नाहीतर पाय जाळ्यात अडकेल. सभासदाचं एखादं पोर सुट्टीच्या दिवशी बोटीवर चढणारच. त्यात बोटीवर पेट्रोल असतं. झटक्याची ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एका जागी नको. आणि मला सगळ्यात मोठी भीती याची वाटते की मशीन बिघडलं की कुणीतरी थेट लाइन जोडतो. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेने माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी वाचायला मिळतात. तारेत थेट वीज सोडणं गुन्हा आहे, आणि पाण्याच्या काठी तर ते कुणाच्याही मनात येऊ देऊ नका. सभेत हा ठराव आला तर तुम्ही स्पष्ट विरोध करा.

आता कोटेशनकडे येऊ. ही यादी शहरातल्या बंगल्यासाठी केलेली दिसते. बंगल्याला भिंती असतात, दार असतं, चोवीस तास वीज असते आणि शेजारी असतो. तुमच्या बोटीपाशी यातलं काहीच नाही. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि पोळ्याच्या रात्री काय झालं ते पुन्हा नीट बघा. पोळा श्रावण अमावस्येला. रात्र काळोखी, दिवसभर सगळं गाव बैलांच्या मागे, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याची गडबड. चोराने दिवस विचार करून निवडला. बॅटरीचे दोन टर्मिनल आणि टाकीचा पाइप सोडायला त्याला पाच मिनिटंही लागली नसतील. इंजिन मात्र राहिलं, आणि ते कोणत्याही यंत्रामुळे राहिलं नाही. एक स्क्रू गंजून बसला होता, त्यात त्याचा वेळ गेला आणि तो निघून गेला.

तुमच्या निवडीचं सगळं गणित या स्क्रूत आहे. अलार्म वाजल्यापासून माणूस काठावर पोहोचेपर्यंत किती मिनिटं लागतात, आणि चोराला वस्तू सोडवायला किती मिनिटं लागतात? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा झाला पाहिजे. गावठाणातून काठापर्यंत दीड किलोमीटर, पावसाळ्यात काळ्या मातीची पाणंद, मोटारसायकल घसरते. उठणं, दुसऱ्याला उठवणं, निघणं धरून वीस मिनिटं तरी लावा. पाच मिनिटांत सुटणाऱ्या बॅटरीला वीस मिनिटांवरचा माणूस वाचवू शकत नाही, सायरन लाखाचा असला तरी. म्हणून पहिला पैसा कुलपावर खर्च करा.

इंजिनाच्या दोन्ही क्लॅम्प स्क्रूच्या मुठींवर सरकवून बसवायचं लोखंडी पेटीसारखं कुलूप मिळतं. ते बसलं की मुठी फिरतच नाहीत. त्याशिवाय इंजिनाच्या ब्रॅकेटला भोकं असतात, त्यांतून बोटीच्या मागच्या फळीत आरपार स्टेनलेसचे बोल्ट टाका आणि आतल्या बाजूने नायलॉक नट (सहज सैल न होणारे) लावा. भोकांच्या कडांना सीलंट भरायला विसरू नका, नाहीतर आतलं लाकूड पाणी पिऊन सडेल. बॅटरीसाठी गावातल्या वेल्डरकडून पट्टीची चौकट करून ती बोटीच्या तळाशी बोल्टने पक्की करा आणि वर कुलूप लावा. वायरिंग करणाऱ्याला सांगा की त्या बंद चौकटीत आणि पेट्रोलच्या टाकीत अंतर ठेव, दोन्ही एकाच बंद कप्प्यात नकोत. टाकी तर रोज सुटी करून घरी आणता येते, ती आणाच. इंजिनाचंही तेच, जमत असेल तर. 35–40 किलोचं इंजिन दोघे जण काठीला बांधून नेऊ शकतात, पण दीड किलोमीटर रोज नेणं कुणी महिनाभरही करणार नाही हे मला कळतं. मात्र झड लागली की चार-चार दिवस बोट निघत नाही, आणि सणावाराला गावात गर्दी असते. त्या दिवसांपुरतं तरी इंजिन बैलगाडीत टाकून गावात आणावं.

कुलपाने वेळ मिळाला की मग अलार्म कामाचा. उघड्या बोटीसाठी माझी पसंती तारेच्या लूपला आहे. शेतातल्या मोटारपंपाची केबल कापून नेणाऱ्यांवर जो उपाय लोक करतात, तोच हा. दोन पदरी बारीक वायर इंजिनाच्या हँडलमधून, बॅटरीच्या चौकटीतून, टाकीच्या कडीतून ओवून परत पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याला, आणायची. वायरीतून अगदी थोडा करंट सतत फिरत असतो. वायर कापली, उपसली, ओढली की करंट तुटतो आणि अलार्म सुरू. यात ऊन-वारा-लाटांचा संबंध येत नाही, म्हणून खोटी हाक फार कमी. पॅनेल घेताना विचारा की झोन (पॅनेलला जोडलेली एक वायर) ‘नॉर्मली क्लोज’ ठेवता येतो का, म्हणजे वायर अखंड असेपर्यंत शांत आणि तुटली की अलार्म, आणि वायरीच्या टोकाला रेझिस्टर लावायची सोय आहे का. रेझिस्टर असला म्हणजे कुणी हुशारीने वायरीची दोन टोकं आधी जोडून मग मधली कापली तरी पॅनेलला कळतं. जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवून घ्या. गोड्या पाण्यातही उघडं तांबं हिरवं पडतं आणि मग अलार्म उगाच वाजायला लागतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

मोशन सेन्सर मात्र कोटेशनमधून काढून टाका. तो हलणारी उष्णता ओळखतो. उघड्या बोटीवर कुत्रं चढतं, वानर उड्या मारतात, बगळे बसतात, आणि प्रत्येक वेळी तुमचा फोन वाजेल. उलट मे महिन्यात रात्रीची हवासुद्धा बरीच तापलेली असते, तेव्हा या सेन्सरला माणूस आणि हवा यांतला फरक नीट कळत नाही. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरला लाटा पुरेशा आहेत. खोट्या हाका तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त घातक आहेत. चार रात्री उगाच धावत गेलेला माणूस पाचव्या रात्री फोन सायलेंटवर टाकतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

सायरनबद्दल विक्रेता तुम्हाला 110 डेसिबल सांगेल. तो आकडा एक मीटर अंतरावरचा असतो. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. या हिशोबाने 100 मीटरवर 70 उरतात, अर्ध्या किलोमीटरवर 56, आणि तुमच्या गावठाणाच्या वेशीवर 46-47, तेही वारा तुमच्या बाजूने असेल तर. पावसात टिनाच्या छपराखाली झोपलेल्या माणसाला तो ऐकू येणार नाही. सायरन घ्या, पण चोर बिचकावा आणि काठावर कुणी जागलीला असेल तर तो उठावा एवढ्यासाठी. गावाला उठवायचं काम फोनचं. त्यासाठी सिमकार्ड टाकलेलं जीएसएम पॅनेल घ्या, जे अलार्म होताच पाठोपाठ चार-पाच नंबरांवर कॉल लावतं. कॉलच हवा. ॲपची टिंग रात्री दोन वाजता कुणी पाहत नाही.

सिम घेण्याआधी एक काम स्वतः करा. बोट जिथे बांधता तिथे बोटीत बसून, फोन इंजिनाच्या उंचीवर धरून, प्रत्येक कंपनीची रेंज पाहा. चढावर दोन काड्या असतात आणि पाण्याच्या पातळीवर एकही नसते, असं बॅकवॉटरच्या खोलगट भागात होतं. स्वस्तातली बरीच पॅनेल आणि ट्रॅकर फक्त 2जी वर चालतात. जिओकडे 2जी नाही, त्यामुळे अशा यंत्रात ते सिम टाकलं तर काहीच चालणार नाही. यंत्र 4जी आहे का हे डब्यावर वाचून घ्या. आणि रिचार्ज! सिमची मुदत संपली की यंत्र गप्प होतं आणि कुणालाच कळत नाही. मासिक सभेच्या विषयपत्रिकेत ‘सिम रिचार्ज’ हा विषय घालून ठेवा.

आता एक गोष्ट, जी ना तुमच्या पत्रात आहे ना कोटेशनमध्ये. बांधून ठेवलेली बोट चोरी होण्याआधी बुडते. झडीचं पाणी उघड्या बोटीत रात्रभर भरतं, मागे इंजिनाचं वजन असतं, तो भाग खाली जातो आणि एक लाट आत आली की संपलं. धरणाची पातळी चढली आणि दोर आखूड राहिला तरी तेच. इंजिन पाण्याखाली गेलं तर त्याच दिवशी उघडून साफ केलं नाही तर आतून गंजतं. म्हणून पॅनेलचा दुसरा झोन फ्लोट स्विचला द्या. पाण्याच्या टाकीत लावतात तसला छोटा फ्लोट, काहीशे रुपयांत मिळतो. बोटीच्या तळाशी मागच्या बाजूला, चार बोटं उंचीवर लावा. पाणी तेवढं चढलं की तोच फोन वाजेल. चोरीसाठी घेतलेल्या पॅनेलकडून हे काम जवळजवळ फुकटात होतं, आणि पावसाळ्यात तुम्हाला याचाच उपयोग जास्त होईल.

विजेचा हिशोब विक्रेत्यासमोर बसून करा. समजा पॅनेल राखणीवर असताना 30 मिलिअँपिअर खातं. 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर कागदावर ते नऊ-दहा दिवस चालेल. पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून पाच दिवस धरा. 10 वॅटचं सोलर पॅनेल हा खर्च आरामात भरून काढतं, फक्त श्रावणातल्या झडीत लक्ष ठेवावं लागतं. याच मापाने कॅमेरा मोजा. एक 4जी कॅमेरा साधारण 4 वॅट घेतो, म्हणजे 12 व्होल्टवर दिवसाला 8 अँपिअर-अवर. ती बॅटरी एक कॅमेरासुद्धा दिवसभर ओढणार नाही, आणि विक्रेता चार देतो आहे. त्यासाठी मोठं सोलर पॅनेल, मोठी बॅटरी लागेल, म्हणजे चोराला न्यायला आणखी दोन वस्तू. हिवाळ्यात पाण्यावर धुकं उतरतं तेव्हा रात्रीच्या कॅमेऱ्याचा स्वतःचाच प्रकाश धुक्यावर आपटून परत येतो आणि पडद्यावर पांढरं सोडून काही दिसत नाही. काठावर खांब रोवून कॅमेरा लावावा म्हटलं तर तुमचा काठच एका जागी राहत नाही. दिवाळीला पाणी जिथे असतं तिथून मे महिन्यात ते कितीतरी आत गेलेलं असतं, खुंटाही तसाच सरकतो. जे काही लावाल ते बोटीसोबत हललं पाहिजे. कॅमेरे यंदा नकोत.

जीपीएस ट्रॅकर एक घ्यायला हरकत नाही, पण तो बोटीत न लपवता इंजिनाच्या झाकणाखाली बसवा. बोट उचलून कुणी नेत नाही, इंजिन नेतात. झाकण प्लास्टिकचं असल्याने सिग्नल जातो. फक्त गरम होणाऱ्या भागापासून लांब, वरच्या कडेला लावा. ट्रॅकर जागा कळायला उपग्रह वापरतो, पण ती तुम्हाला कळवायला त्यालाही मोबाइलची रेंज लागते, हे लक्षात असू द्या. अशी यंत्रं हालचाल थांबली की झोपतात आणि बॅटरी वाचवतात. पाण्यावरची बोट कधी स्थिर नसते, त्यामुळे ट्रॅकर झोपतच नाही आणि महिनाभर टिकेल म्हणून सांगितलेली बॅटरी आठवड्यात संपते. सेटिंगमध्ये हालचालीवर जागं होणं बंद करून ठरावीक तासांनी जागा कळवायला लावा.

सगळ्या वस्तूंच्या डब्यावर आयपी 67 असं लिहिलेलं पाहून घ्या, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. डबा पांढरा घ्या आणि सावलीत लावा. भंडाऱ्याच्या मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात काळा बंद डबा आतून किती तापत असेल याचा अंदाज तुम्हाला आहे. लिथियमच्या सेलना ते सोसत नाही.

आता कागदांचं आणि नावाचं. स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात नाव कोरायचं छोटं मशीन असतं. त्या दुकानदाराला एक दिवस काठावर बोलवा, नाहीतर वस्तू त्याच्याकडे न्या, आणि इंजिनाच्या ब्रॅकेटवर, चौकटीवर, टाकीच्या पत्र्यावर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक कोरून घ्या. बॅटरीच्या प्लास्टिकवर तापलेल्या सळईने करा, मात्र नवी बॅटरी आणली की ॲसिड भरण्याआधी आणि चार्जिंगला लावण्याआधीच. वापरातल्या बॅटरीजवळ तापलेली वस्तू नेऊ नका. कोरलेला माल भंगारवालाही घ्यायला कचरतो. इंजिनाचा सीरियल नंबर, फोटो आणि बिलं एका फाइलमध्ये ठेवा. याचं कारण आहे. नव्या कायद्यात (भारतीय न्याय संहितेत) पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. बॅटरी आणि टाकी मिळून किंमत त्यापेक्षा जास्त होत असेल तर तक्रारीत बिलं जोडून ती पूर्ण किंमत लिहा, नुसतं ‘जुनी बॅटरी’ असं लिहून येऊ नका. झालेल्या चोरीची तक्रार अजून दिली नसेल तर आता द्या. बोटीचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. मागे लावायचं इंजिन नेहमीच्या स्क्रूशिवाय वेगळ्या कुलपाने बांधलेलं असेल तरच चोरीची भरपाई, अशी अट बोटीच्या विम्यात असू शकते.

अलार्म वाजल्यावर कोण जाणार, हे आधी ठरवा. पाच नंबर टाकणार असाल तर ते पाच जण गावठाणाच्या एकाच बाजूला राहणारे असावेत, म्हणजे एकमेकांना उठवून सोबत निघतील. एकट्याने कुणी जाऊ नये, हे मी हात जोडून सांगतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग तुमच्याच तालुक्यात आहे, पाण्यावर येणाऱ्या वाटेवर रात्री वाघ, डुक्कर, अस्वल काहीही समोर येऊ शकतं. तिघांनी जायचं, मोठी टॉर्च घ्यायची, वाटेतच 112 ला फोन करायचा, आणि काठाजवळ पोहोचताना मोठ्याने बोलत जायचं. चोर पळाला तर पळू द्या. बॅटरी पुन्हा येते. आणि कुणी पकडला गेला तर त्याच्यावर हात टाकू नका, कारण मग गुन्हा तुमच्या पोरांवर दाखल होतो.

पोळ्याच्या चोरीवरून शेजारच्या गावावर संशय घेतला जात असेल तर तो चावडीवर बोलू देऊ नका. एकाच पाण्यात जाळी टाकणारी माणसं तुम्ही. जाळी, होडी, माणूस अडचणीत सापडला तर सगळ्यात आधी तेच धावून येतील. उलट त्यांच्या संस्थेलाही विचारा, त्यांचंही काही गेलं असेल. दोन संस्थांच्या बोटी एकाच घाटावर बांधल्या तर आळीपाळीने जागलीला माणूस ठेवणं परवडतं, आणि जागलीला माणूस असेल तर शंभर मीटरवरचा तो सायरन खरंच कामाला येतो. मला विचाराल तर सगळ्या यंत्रांपेक्षा या बोलणीवर मी जास्त भर देईन.

विक्रेत्याला नाही म्हणायची गरज नाही. त्याला सांगा की पॅनेल, लूप, फ्लोट, एक सायरन, एक ट्रॅकर एवढंच नवं कोटेशन दे, आणि बोट जिथे उभी असते तिथे येऊन बसवून दे. पंधरा दिवस चालवून पाहू, रोज रात्री एकदा वायर सोडून फोन येतो का ते तपासू, मग पूर्ण पैसे. त्याला हे मान्य नसेल तर दुसरा विक्रेता पाहा. बिलावर प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर आणि हमीची तारीख लिहून घ्या. सिम मात्र कुणा सभासदाच्या नावावर न घेता संस्थेच्या नावावर घ्या, आणि पॅनेलचा पासवर्ड लिहून लिफाफ्यात घालून संस्थेच्या कपाटात ठेवा, म्हणजे पुढच्या निवडणुकीत पदाधिकारी बदलले तरी यंत्र बंद पडणार नाही.